पंचावन्न टक्के

मागच्या वेळी धामणदऱ्याचा सरपंच देवानं ठरवला होता. मारुतीच्या पारावर तांब्यात आठ चिठ्ठ्या टाकल्या, गुरवानं डोळे मिटून एक काढली, अमृतरावांचं नाव निघालं आणि गुलाल उधळला. पुढं दोन महिन्यांनी गुरवानं तो तांब्या घासायला घेतला, तेव्हा तळाशी उरलेल्या सात चिठ्ठ्या निघाल्या. सातही चिठ्ठ्यांवर अमृतरावच होते. देवाचा कौल एवढा स्पष्ट असल्यावर माणसानं काय बोलावं? पाच वर्षं कुणी बोललं नाही.

या वेळी मात्र चिठ्ठी नको, असं सगळ्यांनी आधीच सांगून टाकलं. निवडणूकही नको होती. बिनविरोध झालं की गावाला निधी मिळतो, आणि एकमेकांच्या बांधावरून जाताना तोंड लपवावं लागत नाही. पद महिलेसाठी राखीव निघालं होतं. म्हणून आठ इच्छुक महिलांच्या वतीनं आठ पुरुष चैताच्या उन्हात लिंबाखाली येऊन बसले.

"हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याच माणसाचा हात पोचणार न्हाई, अशी गोष्ट काढा," भागवत म्हणाला. त्याला त्याच्या बायकोला सरपंच करायचं होतं. बायकोला अजून सांगायचं होतं.

कुस्ती निघाली. पण पंचक्रोशीतला प्रत्येक पैलवान कुणाचा ना कुणाचा भाचा होता. क्रिकेट निघालं. "त्यात सेटिंग असती," चौघं एकदम म्हणाले, आणि चौघांकडं बाकीच्यांनी संशयानं पाहिलं. पहिला पाऊस कोणत्या तारखेला पडतो त्यावर ठरवू, असं म्हातारे संतराम म्हणाले. ते जवळपास ठरलंच होतं, तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की पाऊस मोजायचं यंत्र अमृतरावांच्या शेतातल्या आखाड्यावर आहे.

मग देविदास बोलला. तो वरच्या तांड्याचा. वडील भीमसिंग नाईक यांच्या मागं, चपलांजवळ बसला होता. "आमची निलम रोज सकाळी मोबाइलवर अमेरिकेचा बास्केटबॉल पाहती," तो म्हणाला. हा त्यानं सुचवलेला उपाय नव्हता, तक्रार होती. पण गावाला ती पटली.

निलमला, म्हणजे देविदासच्या बायकोला, बोलावणं गेलं. ती आश्रमशाळेत असताना राज्यापर्यंत खेळून आली होती. तिची उंची पाच फूट नऊ इंच. सासरी आल्यापासून त्या उंचीचा उपयोग माळ्यावरचे डबे काढायला होत होता. मॅच मात्र तिनं सोडली नव्हती. अमेरिकेत रात्र असते तेव्हा इथं सकाळ असते, आणि सकाळी सहा ते सात ती गावातल्या शेवटच्या नळापाशी रांगेत उभी असायची. एका हातात हंडा, दुसऱ्या हातात मोबाइल.

त्या नळाची गोष्ट अशी, की सिद्धेश्वरच्या धरणातून पाणी येतं ते आधी टाकीत चढतं. टाकी उंचावर पाहिजे, आणि उंच जागा म्हणजे तांडा. म्हणून टाकी तांड्याच्या डोक्यावर आणि नळ खाली गावात. तांड्याच्या बाया टाकीच्या सावलीतून निघून एक किलोमीटर खाली जायच्या आणि त्याच टाकीतलं पाणी डोक्यावर घेऊन परत टाकीपाशी यायच्या. टाकीपासून तांड्यापर्यंत सहाशे फूट पाइप लागत होता. त्याचा ठराव पाच वर्षं पुढच्या सभेत होता.

निलमनं लिंबाखाली उभं राहून सगळं नीट सांगितलं. अमेरिकेचे दोन भाग, पूर्व आणि पश्चिम. दोन्हीकडून आठ-आठ संघ वर येतात. दोन संघांची गाठ पडली की सात सामने, त्यातले चार जिंकेल तो पुढं.

"आपल्याला आठच लागतात," भागवत म्हणाला. "पूर्व घेऊ. शेवटी ज्याचा संघ उरंल, त्याच्या घरची सरपंच. पश्चिम कनेरगाव नाक्याला देऊन टाकू."

"त्यात बैल हाय का?" अमृतरावांनी विचारलं. कुण्या पोराच्या बनियनवर त्यांनी ते लाल बैलाचं चित्र पाहिलं होतं.

"हाय, पण आठात न्हाई, काका. पात्रतेच्या सामन्यातच बाहेर पडले."

"बैल बाहेर? अन् आत कोण हाय?"

"हरणं हायेत," निलम म्हणाली.

हरणांनी हरभरा कसा लोळवला होता हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. हरणाचा संघ आपल्या वाट्याला नको, असं सातजणांनी तिथंच नोंदवून ठेवलं. आठवा ऐकायला कमी असल्यामुळं त्याला तो मिळाला.

बाकीचे संघ वाटायचे कसे, यावर भांडण लागणार होतं. पण उत्तर गावात तयार होतं. पोळ्याला तोरणाखालून ज्याची बैलजोडी ज्या क्रमानं जाते, त्या क्रमानं संघ. पहिला मान अमृतरावांचा, म्हणून पहिल्या नंबरचा संघ त्यांचा. दुसरा भागवतचा. चौथा संतरामचा. तांड्याची जोडी सगळ्यात शेवटी जाते, कधीकधी तोरण सोडल्यावर जाते. म्हणून आठवा संघ भीमसिंग नाईकांच्या सुनेचा.

"आता पहिल्याची गाठ कुणाशी?" अमृतरावांनी विचारलं.

"आठव्याशी."

"बराबर हाय," अमृतराव म्हणाले, आणि अमेरिकेत पण रीत आहे म्हणून त्यांना बरं वाटलं.

निलमनं त्यांना दिली ती तिकडची ठरलेली क्रमवारी होती. कोण किती सामने जिंकून कितवा आला, तेवढी. खरा जोर कुणात किती आहे, हे तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि पुढं तेच नडलं. घरी जाऊन तिनं उलटलेल्या मार्चच्या पानामागं स्वतःची क्रमवारी लिहिली. पहिल्या नंबरच्या संघातल्या दोन मोठ्या खेळाडूंचे गुडघे गेले होते. आठव्या नंबरचा संघ आठवा आला होता, कारण त्याचा सगळ्यात उंच गडी अर्धा हंगाम पाय बांधून बसला होता. तो आता उभा राहिला होता. निलमच्या यादीत आठवा संघ पहिला होता. कोण कुणाला किती सामन्यांत पाडेल, पुढं कुणाची गाठ कुणाशी पडेल, हे सगळं तिनं बाण काढून मांडलं. शेवटच्या बाणापुढं तिनं लिहिलं, "सहाशे फूट". त्यापुढं लिहायचं काही तिला सुचलं नाही. तिला एवढंच पाहिजे होतं.

अमृतरावांचा संघ चार-दोननं पडला. गाव हादरलं. तांड्यावर आधी कुणाचा विश्वासच बसेना. निलमची सासू रूपाबाई नळावरच्या रांगेत सगळ्यांना सांगत सुटली, "आमच्या सुनेच्या बाजूनं पाच काळे बाप्ये खेळतेत, एकेक टाकीएवढा." दुसऱ्या फेरीत संतरामचा संघ सहा सामन्यांत गेला. तेही मार्चच्या पानामागं तसंच लिहिलेलं होतं. हरणं पहिल्याच फेरीत गेली, आणि ती गेल्याचं त्या कमी ऐकणाऱ्या माणसाला कुणी सांगितलं नाही. सांगून ऐकू आलं नसतं.

आता भागवतचा संघ आणि तांड्याचा संघ. तीन-तीन. सातवा सामना उरला.

आता नळावर बायका निलमला रांग सोडून पुढं जाऊ देत होत्या. निलमनं फक्त एक दिवस ते घेतलं. देविदासनं औंढ्याहून पांढरा शर्ट आणला. सरपंचाच्या नवऱ्याला लागतो, म्हणाला. पाइपाचा भाव मात्र निलमनं स्वतः विचारून ठेवला.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी अमृतराव तांड्यावर आले. पाच वर्षांत ते तांड्यावर दोनदा आले होते. दोन्ही वेळा टाकीवर नाव रंगवून झालं का ते पाहायला. ते बाजेवर बसले. भीमसिंग नाईक उकिडवे बसले. निलम चहा घेऊन आली.

"सूनबाई," भीमसिंग म्हणाले, "उद्याचं काय व्हईल?"

निलम थांबली. तिनं मनात हिशेब केला. सामना परक्या मैदानावर होता. सातवा सामना आठव्या नंबरच्या संघाला घरच्या मैदानावर कधीच मिळत नाही. शिट्ट्या, आरडाओरडा, पंच, सगळं त्यांच्या बाजूचं. पण उंच गडी सलग पाच सामने दमला नव्हता.

"पंचावन्न टक्के आपण," ती म्हणाली.

"पंचावन्न," भीमसिंग म्हणाले.

"पंचावन्न," अमृतरावही म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.

"म्हंजी पंचाळीस टक्के हरू?"

"व्हय मामा. खेळ हाय त्यो."

"देविदासला बारावीला पंचावन्नच होते," भीमसिंग म्हणाले. निलमला ते उगाच काढल्यासारखं वाटलं. ती रिकामे कप घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर सामना सुरू होता. शेवटचं मिनिट, एका गुणाचा फरक. निलमच्या मागं तांड्याच्या अकरा बाया एका मोबाइलमध्ये घुसल्या होत्या. उंच गडी वर गेला, चेंडू कडीवरून एकदा फिरला आणि आत पडला. भोंगा वाजला. बायकांनी एवढा गलका केला की गावात कुणाकडं तरी काही झालं असं वाटून संतराम काठी घेऊन बाहेर आले. रूपाबाईनं निलमच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. निलम हसत होती आणि नळाखाली हंडा भरून वाहून चालला होता, तरी कुणी ओरडलं नाही.

तेवढ्यात गावातून हलगी ऐकू आली. लगेच गुलालही आला.

"आलेच की!" रूपाबाई म्हणाली आणि पदर सावरला.

मिरवणूक नळापाशी आली आणि वळली. मधी अमृतरावांच्या निर्मलाबाई होत्या. गळ्यात हार, कपाळभर गुलाल, चेहरा असा की आपल्याला कुठं नेऊन राहिलेत ते कुणीतरी सांगावं. बाजूला अमृतराव. त्यांच्या मागं भीमसिंग नाईक. त्यांच्या मागं पांढऱ्या शर्टात देविदास, आणि त्याच्या खांद्यावर चार फुटांची लोखंडी किल्ली.

"हे काय हो?" निलमनं विचारलं.

"वॉलची चावी," देविदास म्हणाला. "टाकीचं पानी सोडायची. पानीपुरवठ्यावर लागलो मी, ग्रामपंचायतीत. आजपासून."

"अन् सरपंच?"

"ते निर्मलाकाकूच. आपण संघ देऊन टाकला न् काल. बाबानं न्हाई सांगितलं तुला?"

निलमनं सासऱ्याकडं पाहिलं. भीमसिंग नाईक खजील वगैरे झाले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा फायद्याचा सौदा केल्याचं तेज त्यांच्या तोंडावर होतं.

"मामा, जिंकलो न् आपण!"

"मला काल काय ठाऊक? तूच म्हणलीस पंचावन्न." त्यांनी आवाज खाली आणला, सून हुशार होती, तिला समजावून सांगितलं पाहिजे असं त्यांना खरंच वाटत होतं. "पंचावन्न म्हंजी पास, बाई. पास. पास झालेलं पोरगं दहा वर्षं घरी बसलं, कुठं लागलं? आज लागलं. शंभर टक्के लागलं."

"संघ बदलता येतो का असा?"

"येत न्हाई असं कुठं लिहिलं व्हतं?" मागून अमृतराव म्हणाले, गोड आवाजात. "पोरी, मानलं तुला. जे म्हणलीस ते बराबर आलं. पंचायतीत पहिला सत्कार तुझाच. शाल-नारळ."

भागवत तिथंच उभा होता. बायकोला अजून सांगितलं नव्हतं ते बरंच झालं, असं त्याच्या तोंडावर होतं. "तेवढं जिल्हा परिषदेचं सांगून ठेवा न् वहिनी," तो म्हणाला, "आपल्या गटात कोण व्हईल?"

निलमनं मोबाइल बंद केला. अमेरिकेत अजून पूर्व आणि पश्चिम यांची शेवटची लढत व्हायची होती, हे तिथं कुणाला सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. हलगी मारुतीकडं गेली. निर्मलाबाईंनी एकदा मागं वळून पाहिलं, निलमकडं की नळाकडं ते कळलं नाही. नळावर तांड्याच्या बाया उरल्या. त्यांतल्या एकीनं, टोमणा नाही, मनापासूनच विचारलं, की आता नवरा वॉलवर आहे तर पाइप होईल ना?

"ठराव लागतो," निलम म्हणाली.

रूपाबाई अजून मिरवणूक गेली त्या वाटेकडं पाहत होती. मग तिनं आपला हंडा नळाखाली सरकवला.

"शंभर काहून न्हाई म्हणलीस?"

"शंभर नव्हतं, आत्याबाई."

"नव्हतं तर नव्हतं. म्हणायला काय जात व्हतं?"

निलमनं पहिला हंडा उचलून डोक्यावर घेतला, दुसरा कंबरेवर. तिसरा, रूपाबाईचा, अजून नळाखाली होता. सात वाजले आणि धार बारीक होऊन थांबली. आजवर वॉल कुणी वेळेवर बंद केला नव्हता, सव्वासात-साडेसात व्हायचे. मिरवणूक सोडून देविदास वेळेवर टाकीवर पोचला होता.

"बघ," रूपाबाई रिकाम्या हंड्याकडं पाहत म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि पोराचं कौतुकही होतं, आणि दोन्ही एकाच हंड्यात मावत होते. "कामाला लागलं गं लेकरू."