सोड्यात कुठलं बी?

वहिनीच्या बेकरीपुढे एवढी गर्दी पाव घ्यायला कधी झाली नव्हती. आज ती झाली, वहिनीचा माल कसा बाटलाय ते बघायला! मधोमध बीजबाबा. हातात पितळी नळी, टोकाला ओलसर पिवळी पट्टी.

"जनुक म्हणजे अन्नाचा आत्मा!" बाबा गरजले. "बियाण्यात परका आत्मा घुसवलाय. आता पट्टी रक्त ओकेल!"

पट्टी मक्याच्या केकवर टेकली आणि तांबडी झाली. लोकांनी आ वासला. बाबांनी शुद्धिजल शिंपडलं, पट्टी पुन्हा पिवळी. शुद्धिजलाच्या बाटल्या हातोहात खपल्या. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे रोजच्या पावाची ऑर्डर रद्द केली. त्या ऑर्डरवरच बेकरी चालायची. वहिनी शटर ओढायला वळली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, थांब," पुतणी म्हणाली. ती अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. "आमच्या सेन्सरवर डीएनएचा छोटा धागा बसवलेला असतो. जनुक बदललेल्या बियाण्यातला त्याचा जोडीदार सापडला, तरच तो जुळतो आणि यंत्र खूण देतं. पण आधी आम्ही एक नक्की बदललेला आणि एक नक्की साधा नमुना लावून यंत्राचीच परीक्षा घेतो. बाबा, तुमच्या यंत्राची घेऊ?"

"अश्रद्धांपुढे यंत्र रुसतं!"

"आमचं नाही रुसत."

तिने उकळत्या पाण्यात खायचा सोडा टाकला आणि बाबांच्या हातची नळी घेऊन पट्टी बुडवली. तांबडी!

"सोडा खनिज आहे. त्याला ना बी, ना जनुक. मग यात कुणाचा आत्मा शिरला? ही हळदीची पट्टी आहे, सोड्याने तांबडी होते. आईचा हात केकमध्ये सोडा घालताना जरा सैल सुटतो, एवढंच." तिने शुद्धिजल हुंगलं, मग फळीवरचं व्हिनेगर पट्टीवर ओतलं. पट्टी पिवळी. "आणि हे तुमचं शुद्धिजल!"

"मग मका साधाच ना?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"पीठ कालच तपासलंय. आम्ही शोधतो ते बदल त्यात नाहीत. असते तर दारावर पाटी लावली असती. बदललेलं बियाणं खावं की नाही, यावर खुशाल भांडा. पण ते आहे का, हे आधी नीट तपासा!"

बाबा नळी तिच्याच हातात सोडून सटकले.

"उद्यापासून पाव पाठवा," मुख्याध्यापक पुटपुटले.

"सगळ्यांसमोर नाकारलात," वहिनी शटर वर ढकलत म्हणाली, "आता मागायचा तोही सगळ्यांसमोर. मोठ्याने!"

त्यांनी मोठ्याने मागितला.

ती नळी आता माझ्याकडे आहे. उद्या आणखी कुणी यंत्र घेऊन भीती विकायला आला, तर हात जोडू नका. त्याला एवढंच सांगा: जिथे काही नाही हे आम्हाला माहीत आहे, तिथे आधी हे चालवून दाखव.