दुपारीच अंधारतं

“‘हिवाळा दाराशी बसून आहे आणि आत कुणी हाक मारीत नाही.’ आई, एवढं सगळं पाठ करायचंय?”

मुलगी पुस्तक धरून उभी होती. आई नर्स. सकाळची पाळी संपवून, गरम पाण्यात पाय सोडून बसली होती.

“असल्या रडक्या कविता कशाला देतात गं शाळेत? वाच पुढे.”

कवितेतला माणूस एकटाच होता. त्याला दुपारीच अंधारून येई. मग तो घरातली एकेक वस्तू लोकांना देऊन टाकी.

तिथे आईनं पाय पाण्यातून काढले.

वहिनी वारल्यापासून तिचा दादा एकटाच राहत होता. घड्याळं दुरुस्त करायचा. काल फोनवर सहज म्हणाला होता, “पोपट शेजारी देऊन टाकला. हत्यारंही दिली. आता कशाला हवाय पसारा?” दादा आवराआवर करतोय म्हणून तिला उलट बरंच वाटलं होतं. एवढी वर्षं वॉर्डात काढूनही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

तिनं फोन लावला. कुणी उचलला नाही. ओल्या पायांत तशाच चपला सरकवून ती निघाली.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. दादानं दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. पडदे ओढलेले. घरात एकाही घड्याळाची टिकटिक नव्हती. ओट्यावर साधा चमचा बाहेर नव्हता.

“सिस्टरबाई आज इकडे कुठे वाट चुकल्या?” तो हसला, पण तिच्याकडे न बघता.

“दादा, जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?”

तो खुर्चीत बसला. तळहात चोळत राहिला.

“तुला कोण बोललं?”

“पोरीची कविता.”

“मी तर कुणापाशी काही बोललो नाही.”

“म्हणूनच आले.”

तो उठला. कपाटातून गोळ्यांची बाटली काढून त्यानं तिच्या हातात ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिनं बाटली पर्समध्ये टाकली.

“आत्ता डॉक्टरांकडे जायचं. मग माझ्या घरी.”

“तुझा नवरा काय म्हणेल?”

“तू फार घोरतोस म्हणेल. दुसरं काय?”

दारात तो बूट घालायला वाकला. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारी त्याची बोटं नाडीशी झगडत होती. बायको गेली त्या दिवशीही त्यानं कुणाला साधं पाणी आणायला सांगितलं नव्हतं.

ती खाली बसली, नाडी हातात घेतली. दादानं पाय मागे घेतला नाही.