मिरीच्या गळ्यातलं टोपण

मी एक जुनी मापाची काठी आहे, मित्रांनो. तट्टांची उंची मोजायची काठी. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तुम्ही मला बोल लावायला नको: माझ्यामुळे एका निरपराध घोडीचा जीव गेला. मला वाचा नव्हती, हात नव्हते, हे खरं. पण म्हणून मी सुटत नाही. मोठेपणा मिरवायला मी हे सांगत नाहीये. हे पोटात ठेवून आता राहवत नाही, म्हणून सांगते.

माझा जन्म कल्याणचा. शहापूरच्या रानातला चांगला मुरलेला साग आणि नाथा सुतारांचा हात. घोड्याची उंची मुठींत मोजतात, आणि एक मूठ म्हणजे चार इंच. नाथांनी माझ्या अंगावर मुठींच्या खुणा कोरल्या, वरखाली सरकणारी एक आडवी पट्टी बसवली आणि पायाला पितळेचं टोपण ठोकलं. त्या टोपणाचा तळ अर्धा इंच भरीव होता. मला न्यायला ठाण्याच्या कचेरीतले कारकून गोपीनाथपंत आले, तेव्हा नाथांनी मला उलटी धरून त्यांना दाखवलं.

"पंत, खाऱ्या जमिनीत लाकूड कुजतं म्हणून हे घातलंय. ह्याचा अर्धा इंच मी मापात धरलाय बरं का! हे पडलं तर काठी खोटी. दर वेळी लावायच्या आधी हिचा पाय बघत जा."

"बघेन की!" पंत म्हणाले.

बघेन की! आग लागो त्या दोन शब्दांना.

ठाण्याच्या मैदानात दर थंडीत साहेबलोक घोड्यांच्या शर्यती भरवायचे. त्यांत एक शर्यत देशी तट्टांची असे. नियम साधा होता. तट्टू बारा मुठींच्या वर नको. सकाळी तळ्याकाठी एकेक तट्टू माझ्या शेजारी उभं करायचे, मानेच्या बुडाच्या हाडावर माझी पट्टी टेकवायचे आणि पंत आकडा पुकारायचे. काय तोरा होता माझा तेव्हा! साहेब असो की टांगेवाला, सगळे माझ्या पट्टीकडे डोळे लावून उभे. मला वाटायचं, ह्या मैदानात खरं बोलणारी मी एकटीच.

पण मित्रांनो, खरं बोलून भागत नाही. ऐकणाऱ्यालाही ते ऐकायचं असावं लागतं. एके वर्षी एका साहेबाचं तट्टू पाव इंच वर भरलं. पंच म्हणून बसलेले साहेब म्हणाले, "जनावर बिचकलंय, पुन्हा मोजा." पुन्हा तेवढंच भरलं. मग नाल काढले. तिसऱ्यांदा पट्टी जरा तिरपी धरली आणि तट्टू बसलं मापात! त्याच दिवशी भिवंडीच्या एका माणसाचं तट्टू तेवढंच वर भरलं, तर त्याला एका शब्दात बाद केलं. तो हात जोडून म्हणत होता, "एकदा, फक्त एकदा पुन्हा मोजा." पंत नजर चुकवून पुढचं नाव वाचू लागले. मी तेव्हा हळहळले, पण मनात म्हटलं, आपलं काय? आपण तर खरं सांगितलं. असली घमेंड होती मला.

आता त्या दिवसाचं सांगते. रेल्वे सुरू होऊन तेव्हा तीस-पस्तीस वर्षं झाली होती. डोंबिवलीच्या खाडीकाठच्या पाड्यावरून आवडाबाई आली होती. मिठागरात राबणारी विधवा बाई. सोबत तिचा भाऊ आनंदा, उन्हामिठाने काडी झालेला, आणि तिची घोडी मिरी. मिरी काळी, ठेंगणी आणि भलती तिखट. तिच्या पाठीवरून आवडाबाईने दहा वर्षं मीठ वाहिलं होतं. पण आता मीठ आगगाडीतून जाऊ लागलं आणि मिरीला काम उरलं नाही. आवडाबाईचा दीर राघो घरचा कर्ता. त्याने मिरीला पारसिकच्या दगडखाणीत विकायचं ठरवलं होतं. खाणीत गेलेलं तट्टू दोन-तीन वर्षांच्या वर टिकत नसे, हे अख्ख्या खाडीकाठाला ठाऊक होतं.

त्या वर्षी देशी तट्टांच्या शर्यतीला वेगळंच बक्षीस लावलं होतं. जिंकेल त्या तट्टाला कल्याण स्टेशनातून मुरबाडपर्यंत टपाल न्यायचं काम. आवडाबाईने दिराचे पाय धरले. शेवटी राघो म्हणाला, "जिकली तं ऱ्हाईल घरान. नाय जिकली तं तिथनंच खानीव जाईल." आणि खाणीच्या मुकादमाला तो सोबत घेऊनच मैदानात आला होता. म्हणजे बघा, मिरीचं सगळं आयुष्य त्या एका दुपारवर येऊन ठेपलं होतं.

सकाळी मिरी माझ्याजवळ आली. मीठ वाहून वाहून तिच्या पाठीचे केस झिजले होते. पट्टी टेकली. बारा मुठींना तांदूळभर कमी! पंतांनी "मापात!" असं पुकारलं. आवडाबाईने माझ्याकडे पाहून हात जोडले. मला, एका काठीला!

मग ऊन चढलं आणि पंतांना उकडायला लागलं. त्यांनी मला तळ्याकाठच्या चिखलात खोल रोवलं आणि माझ्यावर आपला अंगरखा टांगला. थोड्या वेळाने निघताना मला हिसका देऊन उपटलं. टोपणाचा खिळा खाऱ्या हवेने केव्हाच गंजला होता. टोपण चिखलातच राहिलं. मी अर्ध्या इंचाने तोकडी झाले. पंतांनी खाली पाहिलंसुद्धा नाही.

थोड्याच वेळात आवडाबाई मिरीला पाणी पाजायला तिथेच आली. तिच्या पायाला टोपण लागलं. तिने ते धुतलं, पदराने पुसलं आणि तिचा चेहरा फुलला.

"मिरे, बघ गो, पितल सापरलं! आज लक्षुमी आलीय आपल्या वाटंला."

टोपणाला खिळ्याची दोन भोकं होती. तिने त्यांतून काळा दोरा ओवला आणि ते मिरीच्या गळ्यात बांधलं. दृष्ट लागू नये म्हणून हो! पंत जवळच कोणाशी बोलत उभे होते, त्यांच्या काखेतून मी बघत होते. तोपर्यंत मला काही वाटलं नव्हतं. उलट गंमत वाटली.

शर्यत झाली. आनंदा मिरीच्या मानेवर असा काही चिकटला होता की घोडी एकटीच धावतेय असं वाटावं. सहदेवराव म्हणून एक ताडीचे मक्तेदार होते, त्यांचं उंची चाऱ्यावर पोसलेलं तट्टू अर्ध्या वाटेपर्यंत पुढे होतं. शेवटच्या वळणावर मिरीने त्याला मागे टाकलं आणि पुरती दोन तट्टांच्या लांबीइतकी पुढे राहून ती खांबापाशी पोचली. अहाहा! खाडीकाठची माणसं नाचायला लागली. आवडाबाई मिरीच्या गळ्यात पडून रडत होती. "ऱ्हायलीस गो घरान, ऱ्हायलीस!" एवढंच ती म्हणत होती.

तेवढ्यात सहदेवराव पंचांपुढे जाऊन उभे राहिले. "माझी हरकत आहे. घोडी मापाबाहेर आहे. सकाळी तिला वाकवून उभी केली होती."

पंच साहेबांनी हात केला. मला आणलं.

मित्रांनो, मला जमिनीवर टेकवलं तेव्हा मला कळलं. थंड पितळाऐवजी उघड्या लाकडाला माती लागली. मी मनात ओरडायला लागले, अहो पंत, माझा पाय बघा! नाथांनी काय सांगितलं होतं? उलटी करा मला! पट्टी मिरीच्या पाठीवर टेकली. ती धापा टाकत होती, आणि प्रत्येक धापेसरशी तिच्या गळ्यातलं टोपण हलत होतं. माझं टोपण! माझ्यापासून वीतभर अंतरावर! चारशे माणसं त्या घोडीकडे बघत होती, आणि एकालाही ते दिसत नव्हतं.

"बारा मुठींच्या वर अर्धा इंच," पंत म्हणाले. त्यांचा आवाज जरा चाचरला.

"बाद," पंच म्हणाले.

आनंदा पुढे धावला. "साहेब, घोरी तीच, काठी तीच! सकाली मापान व्हती, दुपारची वाढली काय? पुन्ना मोजा!"

"एकदा मोजलं की मोजलं."

"मागल्या साली साहेबाचा घोरा तीनदा मोजला तुमी!"

पंचांनी मिरीच्या नावावर काट मारली.

"बरं, मंग मक्तेदाराचा घोरा पन मोजा आता. ह्याच काठीनं!"

मोजा, अहो मोजा! त्याचं तट्टू सकाळी अगदी काठावर बसलं होतं. आता तेही बाहेर गेलं असतं आणि माझं खोटं उघडं पडलं असतं. पण पंच म्हणाले, "हरकत घोडीवर आहे. घोड्यावर कोणाची हरकत नाही."

"माजी हाय!" आनंदा ओरडला.

"हरलेल्याचीच हरकत घेतात. तू जिंकलेला आहेस."

"मंग जिकलोय तं बाद कसा?"

लोक हसले. खरंच हसले हो! आवडाबाई रडत रडत सांगू लागली, "माज्या घरच्या खांबाव खाच हाय. मिरीची वाढ सरली तवा तिच्या पाठीशी धरून खाच मारलीय मी. चला बघाला!" सहदेवराव म्हणाले, "मग आता खांब उपटून आणायचा का मैदानात?" पुन्हा हशा पिकला. टपालाचं काम मक्तेदारांच्या तट्टाला मिळालं. राघोने लगाम मुकादमाच्या हातात दिला. आवडाबाईने फक्त तो काळा दोरा सोडून घेतला आणि टोपण मुठीत घट्ट धरलं. मिरी तीनदा मागे वळली. मी मोजलं आहे.

दिवेलागणीला गोपीनाथपंत मला पुसत बसले होते. त्यांनी मला उलटी केली आणि त्यांचा हात थांबला. उघडं लाकूड, ओली माती, गंजक्या खिळ्याचं टोक. त्यांना सगळं उमगलं, मित्रांनो! मुकादम त्या रात्री जवळच, ठाण्यातल्या खोपट वस्तीत मुक्कामाला होता. मिरी तिथेच बांधलेली होती. तिथवर चालत जायला असा किती वेळ लागतो? उठा, पंत, उठा! ते उठले. दारापर्यंत गेले. मग परत आले, मला कपाटात ठेवलं आणि कडी लावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर लिहून कळवलं की लाकडी काठी किडली आहे, लोखंडी मागवावी. किडले नव्हते मी. त्यांची नोकरी वाचावी म्हणून मला कीड लागली.

पुढची बारा वर्षं मी टाकाऊ म्हणून ठाण्यातच, नौपाड्यात त्यांच्या घरी काढली. त्यांची बायको रखमाबाई मोठी कामसू बाई. ती माझ्यावर ओली धोतरं टांगायची. माझा पाय चिरत गेला. मला कोणी विचारत नव्हतं, आणि विचारावं अशी माझी लायकीही नव्हती.

एक दिवस दारात आरोळी आली, "मीठ घ्या गो, मीठ!" मी तो आवाज ओळखला. आवडाबाई! डोक्यावर मिठाची पाटी घेऊन डोंबिवलीकडून आलेली. जे मिरीच्या पाठीवर असायचं, ते आता तिच्या डोक्यावर होतं. गुडघे वाकले होते. रखमाबाईला तिची दया आली. "अगं, काठी तरी घे हाताशी. ही जुनी पडलीय बघ," म्हणून तिने मला तिच्या हातात दिलं.

आवडाबाईने माझा चिरलेला पाय पाहिला. मग गळ्यातला काळा दोरा काढला. बारा वर्षं ते टोपण तिच्या गळ्यात होतं. "हे बसतंय काय बघू, म्हंजे चिरायची नाय," असं पुटपुटत तिने ते माझ्या पायात घातलं. ते अलगद बसलं. भोकासमोर भोक आलं. आत गंजक्या खिळ्याचं टोक होतं.

तिने माझ्या अंगावरच्या खुणांवरून बोट फिरवलं. ओटीवर गोपीनाथपंत बसले होते, पिकून पांढरे झालेले.

"पंत, ही काठी शर्यतीची ना?"

पंतांनी मान हलवली. ते म्हणाले, "आवडाबाई, मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं होतं, पण मी काठी कपाटात ठेवून कडी लावली. मला माफ कर."

"मना कशाला सांगतंस? तिथं मैदानान सांग."

"आता कोण ऐकणार? पंच साहेबही विलायतेला गेले."

"तवा व्हती की चारशे मानसं," ती म्हणाली. "माजी मिरी दोन वर्सांत मेली खानीव. शेवटाला तिचा पाय मोरलेला, तरी वजं लादत व्हते. तुना सांजला समजला, न् तू कडी लावून बसलास?"

आवडाबाईने पाटी उचलली आणि मला टेकत टेकत ती निघाली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यापैकी कोणी पंच होईल, कोणी मास्तर, कोणी कचेरीत बसेल. तुमच्या हाती माझ्यासारखी एखादी काठी येईल. तुम्हाला हात जोडून सांगते, कोणाला बाद म्हणण्याआधी काठी उलटी करून बघा. आणि कोणी रडत "पुन्हा मोजा" म्हणालं, तर पुन्हा मोजा. त्याला कितीसा वेळ लागतो? माझ्यावर विश्वास ठेवून गप्प बसू नका. मी लाकूड आहे, मला काही सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी आवडाबाईने मला घरच्या खांबाला लावून उभी केली. आनंदाने पट्टी सरकवत खाचेपर्यंत आणली आणि खालपासून एकेक खूण बोटाने मोजली. त्याने पुन्हा मोजली, मग तिसऱ्यांदा मोजली.

बारा मुठींना तांदूळभर कमी.

आवडाबाईने खांबाशेजारच्या रिकाम्या जागेवरून हात फिरवला, पाठीवरून फिरवतात तसा. "मिरे," ती म्हणाली, "तू मापान व्हतीस गो."