मोठ्यांनी पाहिलं तर पान

शाळेच्या भिंतीवर झाड उगवलं ते साहेबांच्या डोक्यातून. साहेब म्हणजे वर्तनशास्त्राचे तज्ज्ञ. मुलांना ओरडून नाही, गोडीनं चांगलं वागायला लावायचं, असं त्यांचं शास्त्र. आणि ऐकायला ते कोणाला वाईट वाटणार? मुलानं चांगलं काम केलं की झाडावर त्याच्या नावाचं एक हिरवं पान. अट एकच, ते काम मोठ्या माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं हवं. नाहीतर मुलं थापा मारतील, साहेब म्हणाले.

झाड रंगवलं चित्रकलेच्या बाईंनी. पानंही त्यांनीच कापायची, घरी, स्वयंपाक उरकल्यावर. नव्याची नवलाई होती तोवर हौसेनं कापली. मग त्यांना त्या हिरव्या कागदाचीच शिसारी यायला लागली.

कारण शाळेत भलतंच सुरू झालं. बाई व्हरांड्यात दिसल्या की सगळे कचऱ्यावर तुटून पडायचे. बाई पुढे गेल्या की तोच कचरा पुन्हा जमिनीवर, पुढच्या गिऱ्हाइकासाठी. शिक्षकांच्या खोलीचं दार धरायला इतकी ढकलाढकली की एकदा गणिताच्या सरांचा अंगठाच दारात सापडला. मग त्या अंगठ्यावर फुंकर घालायलाही रांग! "देखल्या देवा दंडवत," सर कळवळत म्हणाले. साहेब मात्र खूश. त्यांच्या आलेखाची रेघ वर चढत होती, आणि रेघेला वास येत नसतो.

झाडावर सगळ्यांत जास्त पानं होती बाईंच्याच लेकीची. आपलेच दात, आपलेच ओठ; बोलणार कोणाला? खरं सांगायचं तर आधी बाईंनाही गुदगुल्या झाल्या होत्या. पोर पाचवीतली. पूर्वी ती शेजारच्या आजींची पिशवी वर पोचवायची आणि घरी चकार शब्द काढायची नाही. तेव्हा बाईंना खात्री होती, पोर मनानं चांगली आहे. आता पुरावा भिंतभर होता आणि खात्री तेवढी उरली नव्हती.

मधल्या सुट्टीत बाई वरच्या मजल्यावर, खिडकीशी ब्रश धूत होत्या. खाली मैदानात पहिलीतलं एक कच्चं लिंबू, मोठ्या मुलींच्या खेळात उगाच धावणारं, सिमेंटच्या कडेवर आपटलं. गुडघा फुटला. लेक शेजारीच होती. आता उचलेल, बाईंना वाटलं.

लेकीनं खाली पाहिलं. मग मान वर करून चहूकडे पाहिलं. मैदानात मोठं माणूस नव्हतं. लिंबू हात पसरून रडत होतं आणि ही शेजारी उभी राहून वाट बघत होती, बसची बघावी तशी. दुसरी एक मुलगी उचलायला वाकली, तर हिनं तिला कोपरानं मागे सारलं.

बाई जिन्यावरून धावत सुटल्या. त्या दारात दिसल्या मात्र, लेकीनं लिंबाला झटकन कडेवर घेतलं. "रडू नको हं बाळा," तिनं बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. मग हसून विचारलं, "आई, पाहिलंस ना?"

"पाहिलं. वरून. अगदी पहिल्यापासून."

लेकीचा चेहरा उजळला. "मग साहेबांना सांगशील ना?"

बाईंनी लिंबाला तिच्या कडेवरून काढून घेतलं. लिंबाच्या गुडघ्याला पट्टी बांधून त्या थेट साहेबांकडे गेल्या. "ते झाड काढा. पोरं सडायला लागलीत माझी."

"अहो बाई, धीर धरा. आधी पानासाठी करतील, मग आपसूक करतील. सवय लागते."

"सवय लागलीय. तेच सांगतेय मी."

पण शेजारी मोठ्या बाई बसल्या होत्या. पुढच्या आठवड्यात शाळा बघायला पाहुणे येणार होते आणि झाड भरगच्च दिसायला हवं होतं. अजून पानं लागतील, त्या म्हणाल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार; बाईंनी हिरवा कागद पिशवीत कोंबला.

संध्याकाळी त्या चिडून कापत होत्या, आणि कात्री सटकली. डाव्या हाताचं बोट चांगलंच कापलं. रक्त पानांवर ठिबकलं.

"अगं बाई! आई!" लेक उठून धावली, कपाटातून कापूस आणि पट्टी घेऊन आली. बाईंचा ऊर भरून आला. आहे, अजून आहे पोरीत काहीतरी. त्यांनी बोट पुढे केलं.

लेक कापूस हातात धरून थांबली. तिला काहीतरी आठवलं होतं.

"आई, घरातलं धरतात का गं?"

बाईंनी हो म्हटलं असतं तर बोट बांधून झालं असतं. "नाही," त्या म्हणाल्या. "घरातलं नाही धरत."

लेकीनं क्षणभर विचार केला. मग कापूस नीट टेबलावर ठेवला, पट्टी त्याच्या शेजारी.

"मग तूच बांध ना. माझा गृहपाठ राहिलाय." आवाजात राग नव्हता, खोडसाळपणाही नव्हता. ती जाऊन अभ्यासाला बसलीसुद्धा.

बाईंना पोटच्या पोरीची किळस आली. मग त्यांनी समोरच्या पानांकडे पाहिलं. ती सगळी त्यांनीच कापली होती.