शारजा बघून आलेली डोंगरी पाल

मी अरबस्तानातल्या हजर पर्वतातली पाल बोलतेय. तुमच्या ट्यूबलाइटमागे दबा धरून बसणाऱ्या पालीशी माझी गल्लत करू नका. मी उन्हात शिकार करते. तुम्हाला पाय टेकवत नाही अशा कातळावर मी ऐटीत बसते, आणि शेजारणीशी बोलायचं तर शेपूट हलवते. आमच्यात आरडाओरडा नसतो.

कल्बा गावाजवळच्या एका वादीत, म्हणजे कोरड्या ओढ्याकाठच्या कपारीत, मी अंड्यातून बाहेर आले. शिकवायला कुणी नव्हतं. पहिली मुंगी माझी मीच धरली.

हिवाळ्यात सुट्टीला माणसं येतात. चटया पसरतात, खातात, स्वतःचेच फोटो काढतात. गेल्या जानेवारीत निनाद, अस्मिता आणि त्यांची लेक इरा आली. सांडलेल्या पोह्यांना मुंग्या लागल्या. मुंग्या पिशवीत शिरल्या, त्यांच्यामागे मी. तेवढ्यात निनाद म्हणाला, “यल्ला, निघू या,” आणि चेन लागली.

पिशवी उघडली ती शारजा शहरात, अल मजाज भागातल्या एका टॉवरमध्ये, अस्मिताच्या ओट्यावर. मी भिंतीकडे झेपावले आणि टाइल्सवरून घसरून थेट सिंकमध्ये पडले. अस्मिता लहानपणापासून पालीला घाबरणारी. ती जागच्या जागी थिजली. निनाद स्प्रे घेऊन आला.

“बाबा, डोन्ट,” इरा म्हणाली. “तिची बोटं चिकटत नाहीयेत. शी इज फ्रॉम द रॉक्स.”

निनादने स्प्रे खाली ठेवला. पण पालीसाठी पुन्हा डोंगरापर्यंत कोण जाणार, खाली तळ्याकाठच्या हिरवळीवर सोडू, असं त्याचं म्हणणं.

“हिरवळीवर ती काय करणार?” अस्मिता म्हणाली. “आपण आणलीय, आपणच पोचवू.”

तिने माझ्यावर डबा उपडा घातला. खालून झाकण सरकवून तो बंद केला. दुसऱ्या दिवशी सगळी वाट तो तिने मांडीवर धरला. वादीत झाकणही तिनेच उघडलं.

मी बाहेर आले. पळून जाता आलं असतं, पण थांबले. ती उकिडवी बसून माझ्याकडे बघत राहिली. पाल इतक्या जवळून तिने आयुष्यात पाहिली नसावी. मीही माणूस इतक्या जवळून पाहिला नव्हता.

आता मी माझ्या कातळावर मजेत आहे. तुम्हीही या, डोंगर सगळ्यांना पुरेल एवढा आहे. फक्त निघताना पिशवी एकदा झटका. प्रत्येकीला अस्मिता भेटेलच असं नाही.