मोठ्या आकड्यांचा कॅट

किलवरच्या दुरीचा कोपरा तिने नखाने हळूच खरवडला — रंग निघाला नाही. पुन्हा खरवडला... नाही. कालपरवापर्यंत याच जागी नखाला भुकटी लागत होती, कारण आधीचा लेझर प्रिंटर जाड कागदावर रंग नुसता ठेवून द्यायचा. पान जरा वाकवलं की पापुद्रा सुटायचा, शिवाय कागद त्याच्या पोटातून वळसे घेत यायचा आणि बाहेर पडायचा तो पन्हाळीसारखा वाकून. म्हणून हा दुसरा, शाईचा. दुकानात तिने एवढंच विचारलं होतं, कागद मागून सरळ आत जातो ना? दुकानदार म्हणाला होता, "ताई, लोक वायफाय आहे का विचारतात."

पलीकडच्या खोलीत नाना रेडिओ ऐकत होते. नाना म्हणजे तिचे सासरे. नवरा जहाजावर, महिनोन्‌महिने बाहेर; घरात ही दोघंच, आणि दोघंही अबोल. बोलणं व्हायचं ते संध्याकाळी पत्ते खेळताना — हातात पानं असली की नानांना कंठ फुटायचा. मग एकदा त्यांनी बदामच्या रांगेत चौकटचा गुलाम लावला. अंगठ्याने पानाचा कोपरा चाचपत राहिले, आकडा जणू बोटांना कळणार होता... शेजारचे घड्याळजी हसले, "नाना, डोळे तपासा!" "डोळ्यांना काय धाड भरलीय? तुझी पानं मळलीत." आणि दुसऱ्या दिवशी — कंटाळा आला बुवा पत्त्यांचा.

डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग गेलाय, कडेचा शाबूत आहे. तिने मोठ्या आकड्यांचा कॅट विकत आणला, तर डब्यावर काठीवाले आजोबा! नानांनी तो उघडलाही नाही. "म्हाताऱ्यांना दे."

तेव्हा घरीच छापायचा. किलवर हिरवं, चौकट निळी, म्हणजे रंगात घोटाळा नको. आकडे अर्ध्या पानाएवढे. पण पाठ जुळेना. एक बाजू छापून कागद उलटा घातला की तो केसभर सरकायचाच, मग पाठीवरची पांढरी किनार कुठे जाड, कुठे बारीक — घड्याळजींनी तर पाठीवरूनच एक्का ओळखला असता. शेवटी किनारच काढून टाकली. कागदभर बारीक ठिपके, कितीही सरको. हे सुचलं तेव्हा भांडी घासता घासता ती एकटीच हसली होती.

पानं कापून, कोपरे गोल करून ती नानांसमोर बसली. काय म्हणायचं हे मनात घोकून ठेवलं होतं, तरी आवाज चोरटाच निघाला. "नाना, नवा प्रिंटर घेतलाय. कागद कसा वाटतो, बघा बरं."

त्यांनी गठ्ठा हातात घेतला, वाकवून सोडला, पिसला. पिसण्याचा तो फर्रर्र आवाज... किती दिवसांनी. एक पान ओढून त्यांनी ते डोळ्यांच्या कडेला नेलं, मान तिरकी केली. आता म्हणतील, म्हाताऱ्यांना दे. आता म्हणतील...

"राणीचं नाक वाकडं काढलंस."

"दिसतंय?" — तिच्या तोंडून निघून गेलं. घरात एवढे दिवस जपून टाळलेला शब्द! ती कानकोंडी झाली.

नानांनी राणी गठ्ठ्यात परत खोचली. मग म्हणाले, "न दिसायला काय झालं? घोड्याएवढी बाई. चल, वाट."

ती पानं वाटू लागली. मी कशाला घाबरले होते? त्यांच्या डोळ्यांना? की या खोलीतल्या शांततेला, जी हळूहळू माझीच होत चालली होती... पुढच्या वर्षी हे आकडेही पुरणार नाहीत कदाचित. हा विचार आला, जवळ बसला. तिने त्याला उठवलं नाही, पण त्याच्याकडे बघितलंही नाही. कारण नाना बोलत होते — किलवरला शेवाळ धरलंय, तुझ्या नवऱ्याला खेळताच येत नाही, घड्याळजी कसा पानं लपवतो — आणि बोलता बोलता त्यांनी तिने टाकलेली बदामची सत्ती उचलली. म्हणजे त्यांना अठ्ठी हवी होती. ती तिच्या हातात होती. खेळ थांबण्याआधी कित्येक महिने, ते हरू नयेत म्हणून, अशी पानं ती गुपचूप त्यांच्यापुढे टाकत आली होती. आताही बोटं सवयीने अठ्ठीकडेच गेली.

"टाक लवकर," नाना म्हणाले.

अठ्ठी तिने आत सरकवली आणि दुसरंच पान टाकलं.  किती दिवसांनी तिला जिंकावंसं वाटत होतं.