अपग्रेडआधीची सफाई

धाकट्यांनी चाळिशी कधीच ओलांडली होती, तरी छापखान्यात सगळे त्यांना अजून ‘धाकटे’च म्हणत. छपाई दादा बघत. दादांची बायको, म्हणजे वहिनी, पुस्तकांच्या मागची सूची करत. कुठला शब्द कुठल्या पानावर आलाय ते वर्णक्रमानं लावायचं, असं ते काम. आणि हे सगळं ज्यावर चाले ते युनिक्स प्रणालीचं मशीन, म्हणजे मुख्य संगणक, धाकट्यांच्या ताब्यात होता.

त्या मशीनवर प्रणालीची नवी आवृत्ती चढवायची होती. घर बदलताना आपण आधी अडगळ काढतो, तसं इथेही करावं लागतं. एखादा मोठा प्रोग्राम बसवला की त्याच्या दिमतीला लहानसहान प्रोग्राम आपोआप येतात. पुढे मोठा काढून टाकला तरी ही मंडळी तिथेच मुक्काम ठोकून राहतात. मशीन त्यांना हुडकून काढतं आणि विचारतं, यांची आता गरज नाही, काढू का? धाकट्यांनी आदल्या संध्याकाळी नावांवरून नुसती नजर फिरवली आणि ‘हो’ म्हणून मोकळे झाले.

सकाळी वहिनी आपल्या जागेवर बसल्या आणि सूची लावणाऱ्या प्रोग्रामची रोजची आज्ञा टाइप केली.

“भाऊजी, असा प्रोग्रामच नाही म्हणतंय हे.”

धाकटे बॅकअपच्या गडबडीत होते. मान वर न करता ते मोठ्यानं म्हणाले, “काय दाबलंत, वहिनी? किती वेळा सांगितलंय, उगाच बोटं चालवू नका.”

कागद कापायच्या यंत्रापाशी बाइंडरकाका हसले. “वहिनीसाहेब, माझ्याकडे या. इथे एकच बटण आहे.”

वहिनी हसल्या नाहीत. पन्नाशी उलटल्यावर त्या हे शिकल्या होत्या, एकेक अक्षर शोधत, चुकलं की जीभ चावत. शिकवलं होतं धाकट्यांनीच. “चुकलं असेल माझं काहीतरी,” असं पुटपुटत त्यांनी कीबोर्डवर रुमाल पसरला, कपाटातून कोऱ्या चिठ्ठ्या काढल्या आणि पूर्वीसारखी हातानं सूची लावायला घेतली.

दुपारी दादा आले. “अरे, तुझी वहिनी म्हणतेय सूचीला दुसरं माणूस बघा. आता जमत नाही म्हणे. कालपर्यंत तर सगळं जमत होतं. बघ जरा काय झालंय ते.”

वहिनी जेवायला गेल्या होत्या. धाकटे त्यांच्या खुर्चीत बसले, रुमाल बाजूला केला. प्रोग्राम बिघडला नव्हता, तो मशीनवरून गेलाच होता. आणि वहिनींच्या खात्यातून कुठलाही प्रोग्राम काढता येत नाही. त्याला मुख्य पासवर्ड लागतो, आणि तो साऱ्या छापखान्यात एकाच माणसाला ठाऊक होता.

धाकट्यांना कालचा आपला तो ‘हो’ आठवला.

मशीन खोटं बोललं नव्हतं. ‘गरज नाही’ म्हणजे दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामला गरज नाही, एवढंच त्याला कळतं. समोर खुर्चीत बसून रोज तो वापरणारं माणूस त्याच्या हिशेबात नसतं. माणसं हिशेबात धरायची म्हणून तर धाकट्यांना तिथे बसवलं होतं.

जुनी प्रत साठवणीत सापडली आणि प्रोग्राम पुन्हा बसला. मात्र नव्या आवृत्तीतून तो कायमचा वगळलेला होता. म्हणजे अपग्रेड लांबणीवर टाकायचं आणि दादांना कारण सांगायचं. वहिनींकडून काहीतरी घोळ झाला म्हटलं तर कुणी उलटून विचारणार नाही, हा विचार त्यांच्या मनात आला. आला याचीच त्यांना लाज वाटली.

वहिनी परतल्या तेव्हा धाकटे खुर्ची सोडून उठले. “झालं सुरू. जरा बिघाड होता.”

“मीच काहीतरी केलं असणार,” वहिनी म्हणाल्या. “तुमचा मात्र दिवस खाल्ला मी. फार उपकार झाले, भाऊजी.”

धाकटे दोन पावलं गेले आणि थांबले. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी निमूट ऐकून घेतल्या असत्या. हे उपकार गिळवेनात.

“वहिनी, तुम्ही काही केलं नाहीत. काल सफाई करताना मीच तो काढला. न बघता. आणि सकाळी तुमच्यावर ढकललं.”

वहिनींनी हातातल्या चिठ्ठ्या खाली ठेवल्या.

“सकाळी मोठ्यानं बोलला होतात,” त्या म्हणाल्या. “आत्ता हळू बोलताय.”

धाकटे बाइंडरकाकांकडे गेले. यंत्र घरघरत होतं. ते बंद व्हायची त्यांनी वाट पाहिली, दादांनाही हाक मारली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. अपग्रेड आता लांबणार हेही.

“म्हणजे धाकटे, वशिला नाही म्हणून बिचाऱ्या प्रोग्रामला हाकललंत होय?” बाइंडरकाका म्हणाले, पण लगेच वहिनींकडे वळून मान खाली घातली. “मीही उगाच हसलो सकाळी.”

दादांनी कॅलेंडरवरची अपग्रेडची तारीख खोडली.

वहिनींनी रुमालाची घडी घातली. “आणखी काय काय काढलंत काल?”

“बरंच आहे. नावं वाचून दाखवतो. पण त्यातलं तुम्हाला फारसं काही कळणार नाही, वहिनी.” बोलून गेल्यावर धाकट्यांनी जीभ चावली.

वहिनींनी शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी ओढली. “नाही कळलं तर विचारीन. वाचा. सावकाश वाचा.”